पावण्याचं नाव

पडद्याजवळ उभा असलेला माणूस समोरच्यांकडे तोंड वळवून हसला आणि कृष्णात दारातच थांबला. काल दुपारी ज्याच्या हातावर त्याने आपल्या डब्यातली दीड भाकरी ठेवली, तोच हा. कालचा घामट शर्ट गेला होता. आज कडक इस्त्रीचा निळा होता, गळ्यात पट्ट्याला लटकवलेलं ओळखपत्र होतं, आणि भाषासुद्धा धुऊन वाळवून आणल्यासारखी झाली होती. काल हा बाबा म्हणत होता, "न्हाई ओ मामा, सकाळधरनं प्वाटात काय न्हाई." आज म्हणत होता, "कुलपं तुमची चांगली आहेत. माणसं ती उघडून देतात, हा प्रश्न आहे." बैठक दहाला सुरू झाली तेव्हा कृष्णात खाली भट्टीकडे होता, एका साच्याची कड तुटली होती ती बघत, त्यामुळे ओळखपाळख काय झाली ते त्याला कळलं नव्हतं. दाराशेजारच्या खुर्चीवर तो टेकला, गुडघ्यांवर हात ठेवले, आणि ते हात आपले आहेत की दुसऱ्या कुणाचे असं त्याला वाटायला लागलं.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत बाळासोंची ही फौंड्री. पंपांची, इंजिनांची ओतीव कवचं इथून जर्मनीला जात, आणि त्या कवचांची ड्रॉइंग्ज जर्मनीहून इथे येत, ईमेलने, कागदाचा चिटोराही न हलता. ती दुसऱ्या कुणाच्या हाती लागता कामा नयेत, म्हणून तिकडच्या गिऱ्हाइकाने दोन हजार चार साली एक अट घातली. दर वर्षी बाहेरच्या तज्ज्ञाकडून संगणकांची सुरक्षा तपासून घ्यायची आणि अहवाल तिकडे पाठवायचा. परिपत्रकात तिचं नाव 'सायबर हेल्थ चेक' असं होतं, आणि पहिल्या वर्षी त्या नावाने मोठीच मजा केली. खालचे सातआठ कामगार त्या दिवशी चहाचा घोटही न घेता अनशापोटी आले, रक्त तपासणार म्हणून. बाळासो तेव्हापासून तिला 'कंप्युटरचं बीपी' म्हणत. दोन वर्षं बीपी बरं निघालं. व्हायरस मारायचं सॉफ्टवेअर आहे का, दर शनिवारी सगळ्याची नक्कल काढून ठेवता का, तीन महिन्यांनी पासवर्ड बदलता का. व्हय, व्हय, व्हय. यंदा, तिसऱ्या वर्षी, पुण्याच्या त्या कंपनीने यंत्रं सोडून माणसं तपासली होती, आणि तीही न सांगता.

पडद्यावर फोटो आला. मोबाइलने काढलेला, जरा हललेला. संगणकावर पंपाच्या कवचाचं ड्रॉइंग उघडं होतं, नवंकोरं, गेल्याच आठवड्यात आलेलं. "काल दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मी तुमच्या ड्रॉइंगच्या खोलीत बसलो होतो," तो माणूस म्हणाला. "फाटकावर मला कुणी नाव विचारलं नाही. पावणं म्हणाले आणि आत सोडलं. ड्रॉइंगच्या खोलीतही नाव विचारलं नाही. पावणं म्हणाले आणि बसवलं. ईमेल बघायचाय म्हटलं, तर संगणक उघडून मिळाला. माझ्यासाठी पाणी आणायला माणूस बाहेर गेला, तेवढ्यात मी अकरा ड्रॉइंग्ज कॉपी करून घेतली." अकरा म्हणताना त्याने आवाज चढवला नाही, उलट खाली आणला, तरी खोलीत कुणीतरी "आयला" म्हणालंच. कृष्णातकडे त्याने एकदाही बघितलं नव्हतं. बाळासोंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कोन हुतं खोलीत?" मग त्यांची नजर संगणक विभागाच्या प्रमुख दीक्षा मॅडमवर जाऊन थांबली. "मॅडम, ही जबाबदारी तुमची न्हवं का? गिऱ्हाईक गेलं तर माझी भट्टी थंड पडंल." दीक्षा उठून उभी राहिली. "माझीच आहे, साहेब. दोष माझ्या नावावर लिहा," ती म्हणाली आणि खाली बसली.

तिला माहीत होतं. कृष्णातला तिच्या मानेच्या ठेवणीवरूनच कळलं की तिला माहीत आहे. कुठल्या यंत्रावरून, कुणाच्या नावाने, किती वाजता काय उघडलं याची नोंद संगणकात राहते, आणि ती नोंद दीक्षा रोज सकाळी आल्या आल्या बघते, चपला काढायच्या आधी. म्हणजे आज सकाळी साडेआठलाच तिने त्याचं नाव वाचलं असणार. साडेनऊला जिन्यात ती त्याला भेटली होती, "मामा, बैठकीला या वेळेवर," एवढंच म्हणाली होती. बाळासोंच्या डाव्या हाताला मशीन शॉपचा अमरसिंह बसला होता. तिच्या जागेवर त्याचा भाऊबंद बसावा म्हणून तो दोन वर्षं बाळासोंचे कान भरत होता, हे कारखान्यात भट्टीलासुद्धा ठाऊक होतं. "मी म्हनतच हुतो," अमरसिंह हळूच म्हणाला, आणि पुढचं बोलला नाही; बोलायची गरज नव्हती. कृष्णातला वाटलं, आत्ता उठावं. पण तो बसूनच राहिला. कारण तो माणूस पडद्याकडे वळून म्हणाला, "पासवर्डही मला तिथेच मिळाला. त्याच्याबद्दल शेवटी सांगतो."

पासवर्ड मिळाला, आणि कसा मिळाला तेही कृष्णातला त्याच क्षणी कळलं. त्याने तो दिला नव्हता. त्याने तो म्हटला होता. बावन्नाव्या वर्षीही त्याला एका बोटाने टाइप करावं लागे, आणि प्रत्येक अक्षर दाबताना ते ओठांवर आल्याशिवाय बोट खाली जात नसे. ही सवय संगणकाची नव्हती, लाकडाची होती. संगणकाआधी चोवीस वर्षं तो सागवानात साचे कोरत आला होता, आणि साच्याच्या कामात माप मोठ्याने म्हणायचं असतं. वितळलेलं लोखंड थंड होताना आखडतं, म्हणून साचा नेमका तेवढाच मोठा करावा लागतो. केसभर चुकलं तर शंभर कवचं भंगारात. बाळासोंच्या वडिलांच्या उद्यमनगरमधल्या जुन्या पॅटर्नखान्यात, म्हणजे साचे घडवायच्या जागी, पिराजी मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "माप मनात ठिवू नगंस. तोंडानं म्हन. कानाला चूक लगीच कळत्या." तेव्हापासून तो म्हणत आला. काल त्या पावण्याला शेजारी बसवून, भाकरीच्या हाताने कळफलकाच्या कळा दाबत, तो नेहमीसारखा म्हणाला होता, डी, आय, के, एस, एच, ए. मग एक, नऊ, नऊ, सहा.

दीक्षा एकोणीसशे शहाण्णव. हे आता सगळ्यांसमोर पडद्यावर येणार होतं, हातभर अक्षरांत. बावन्न वर्षांचा, नातवंडं असलेला माणूस, रोज सकाळी आपल्या साहेबीणबाईचं नाव संगणकात टाकतो. अमरसिंह याचं काय करील ते सांगायला नको होतं. संध्याकाळपर्यंत ते फाटकावर जाईल, उद्यापर्यंत गावात. आणि दीक्षाच्या नावाला जे लागेल ते वेगळंच लागेल, कारण तिच्यासारखीच्या नावाला काही लागायला लोक टपलेलेच असतात. दहा वर्षांत तिने कुणाला बोट दाखवायला जागा दिली नव्हती. ती जागा आपण दिली, आणि कशापायी, तर आभार मानता येत नव्हते म्हणून.

कारण खरं म्हणजे एवढंच होतं, आणि ते कुणाला सांगितलं तर कुणी खरं मानलं नसतं. पहिल्या तपासणीनंतर दीक्षाने फतवा काढला की दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा, अक्षरं आणि आकडे दोन्ही हवेत, आणि जुना पुन्हा चालणार नाही. बाकीच्यांनी गाडीचे नंबर टाकले. कृष्णात त्या दिवशी पंधरा मिनिटं कळांवर बोट धरून बसला होता. रोज सकाळी पहिली गोष्ट हीच लिहायची, तर ती कशाला वाया घालवायची, असं काहीतरी त्याच्या मनात आलं, आणि त्याने लिहिलं पिराजी, एकोणीसशे बहात्तर. रंकाळ्याकडून चालत उद्यमनगरात आलेल्या, कुणाची चिठ्ठी नाही की ओळख नाही अशा अठरा वर्षांच्या कृष्णातला पिराजी मिस्त्रींनी गाव विचारलं नव्हतं. "पावणं, बसा," म्हणाले होते आणि लाकूड कोरायची पटाशी हातात दिली होती. तीन महिने तो रोज सकाळी पिराजींचं नाव म्हणत कामाला बसला आणि त्याला बरं वाटलं, आंघोळ करून देव्हाऱ्यापुढे उभं राहिल्यावर वाटतं तसं. मग तानाबाई त्र्याहत्तर. कावीळ झाली तेव्हा शेजारच्या खोलीतल्या ह्या बाईने महिनाभर त्याला वरणभात भरवला होता. मग धोंडुबाई एक्क्याऐंशी, त्याच्या बायकोचं पहिलं अडलेलं बाळंतपण जिने सोडवलं ती सुईण. मधे आणखी काही नावंही झाली. त्यातलं आता कुणी उरलं नव्हतं. जिवंतपणी त्यांना धड आभार म्हणून काही म्हणणं झालं नव्हतं, आणि आपल्याकडे ते म्हणतही नाहीत; म्हटलं तर समोरचा माणूस बुचकळ्यात पडतो, आजारी हायसा काय म्हणून विचारतो. संगणकाला ते चालत होतं. तो रोज नाव मागत होता आणि कृष्णात रोज देत होता, आणि पडद्यावर नुसते काळे ठिपके उमटत होते.

दीक्षाचं नाव त्याने पुढे ढकलत ढकलत आणलं होतं. ते सोपं नव्हतं. बाकीच्यांचं नुसतं घेतलेलं होतं. तिच्या बाबतीत घेतलेल्याच्या शेजारी न घेतलेलंही होतं. शहाण्णव साली ती पॉलिटेक्निकमधून पहिला संगणक घेऊन आल्यासारखी आली, म्हणजे संगणक आणि ती एकाच दिवशी. बावीस-तेवीसची. बाळासोंनी पॅटर्नखान्यात येऊन सांगितलं की यापुढे ड्रॉइंग ह्या पेटीत होणार, शिकेल तो राहील. पहिल्या दिवशी तिने पूर्ण नाव सांगितलं आणि पॅटर्नखान्यातल्या सगळ्यांनी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. कृष्णातनेही ऐकलं. तिची आई बायडाबाई शाळेत सेविका होती, घरात बाबासाहेबांचा फोटो होता, बुद्धाची मूर्ती होती, हे मागाहून कळलं. आडनाव मात्र आधी पोचलं होतं. दुपारच्या सुट्टीत ती कृष्णातला शिकवायची. त्याला माऊस धरता येईना, मूठ आवळायचा, मनगट वाकडं करायचा, आणि घामाने ते यंत्र बुळबुळीत व्हायचं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मामा, रंधा कसा धरता? तसा धरा. लाकडावर ठेवल्यासारखा." आणि हात मोकळा झाला. बेचाळीस वर्षांच्या सुताराला एवढ्या एका वाक्यात कुणी परत सुतार केलं नव्हतं.

पण सुट्टीतच शिकवायचं म्हटल्यावर डबा तिथेच उघडला जाई. पहिल्या आठवड्यात तिने आपल्या डब्याचं झाकण पालथं करून त्यात मेथीची भाजी आणि चतकोर भाकरी काढली आणि त्याच्याकडे सरकवली, काही न बोलता, जसं कुणीही सरकवतं. कृष्णात म्हणाला, "माझं झालंय." झालं नव्हतं. त्याचा डबा बाहेर सायकलला लटकत होता. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, झाकण परत ओढलं, आणि खाता खाता रेघेला वळण कसं द्यायचं ते दाखवत राहिली. दुसऱ्या दिवशीही शिकवलं. तिसऱ्या दिवशीही. आठ महिने तो जेवण झाल्याचं सांगत राहिला, ती मान हलवत राहिली, आणि एकाही दिवशी तिने शिकवण्यात कमी केलं नाही. ज्या दिवशी त्याने अख्खं कवच पेटीत काढून दाखवलं, कडांसकट, आखडायच्या मापासकट, त्या दिवशी हिशेबाबाहेर भूक लागली आणि तो म्हणाला, "मॅडम, आज काय आणलंयसा?" तिने झाकण सरकवलं. वांगं होतं. त्याने खाल्लं. त्यावर ती तेव्हाही काही बोलली नाही आणि नंतर दहा वर्षांतही बोलली नाही, आणि हे न बोलणं त्याच्या छातीत अजून तसंच होतं, धड ओझं नाही आणि धड आधार नाही.

पडद्याजवळचा माणूस आता नियम सांगत होता. अनोळखी माणसाला आधी नाव विचारा. कुठून आलात, कुणाकडे आलात, लिहून घ्या. ओळखपत्र बघा. मगच दार उघडा. बरोबर होतं, एकेक शब्द बरोबर होता. तरी कृष्णातच्या मनात काहीतरी अडलं. नाव विचारायचं म्हणजे काय हे आपल्याकडे त्याने जन्मभर बघितलं होतं. आजोळच्या ओसरीवर नाव विचारलं जाई ते पाणी तांब्यातून द्यायचं की वरून ओतायचं ते ठरवायला. शहाण्णव साली त्याने नाव ऐकलं आणि झाकण परत गेलं. काल त्याने विचारलं नाही आणि दीड भाकरी दिली. विचारलं असतं तर? हात थांबला असता का? नसता थांबला, दहा वर्षांत तेवढा तरी सुधारलो, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि ते पूर्णपणे खरं आहे की नाही याची खात्री करायला त्याच्याकडे काही साधन नव्हतं. 'पावणं' हा शब्द त्याला फार सोयीचा वाटत आला होता. त्यात सगळं मावे. त्याच शब्दाने तो स्वतः उद्यमनगरात शिरला होता आणि त्याच शब्दाने काल अकरा ड्रॉइंग्ज बाहेर गेली होती.

"आता पासवर्ड," तो माणूस म्हणाला. कृष्णातने डोळे मिटले. "तो मी पडद्यावर दाखवणार नाही आणि अहवालातही लिहिणार नाही. एका व्यक्तीचं नाव होतं आणि पुढे साल, एवढंच लिहितो. नावं वापरू नयेत, ती सहज ओळखता येतात, हा मुद्दा आहे. कुणाचं, हा मुद्दा नाही." कृष्णातने डोळे उघडले. तो माणूस अजूनही त्याच्याकडे बघत नव्हता, आणि आता त्याला समजलं की सकाळपासून हे न बघणं मुद्दाम होतं, राखून होतं. त्याला एकदम भरून आलं. खोलीतला पंखा, बाळासोंचा चष्मा, खिडकीतून दिसणारी भट्टीची चिमणी, सगळ्याबद्दलच भरून आलं. सुटलो, असं वाटलं. आणि तेवढ्यात अमरसिंह हसत म्हणाला, "कुनाचं का असंना. पर साहेब, ज्यांच्या खात्यात असलं चालतंय त्यांच्याकडं खातं ठिवायचं का, ह्ये बघा की." दीक्षा समोरच्या कागदावर पेनने रेघ ओढत होती, सरळ, पट्टी न लावता.

कृष्णात उठला. खुर्ची मागे भिंतीला लागून वाजली. "खोलीत मी हुतो," तो म्हणाला. "ह्यास्नी मीच बशीवलं. कंप्युटर मीच उघडून दिला. मॅडमनी गेल्या म्हैन्यातच सांगितल्यालं, अनोळखी मानूस आत घ्यायचा न्हाई. मी कागदावर सही केलीया त्येची. मॅडमचा दोष न्हाई." बाळासो त्याच्याकडे बघत राहिले. चौतीस वर्षं कामावर असलेला माणूस, त्यांच्या वडिलांच्या वेळचा. "कृष्णात, आरं तू?" "व्हय." तो माणूस आता पहिल्यांदा त्याच्याकडे वळला. आवाज मऊ होता, पण विचारायचं ते त्याने विचारलं. "मामा, मी शिरोळचा आहे म्हणालो, गाडी पंक्चर झाली म्हणालो. तुम्ही विश्वास कसा ठेवलात?" कृष्णातने जरा विचार केला. "इश्वासाचं काय न्हवतं ओ," तो म्हणाला. "भुकेलं दिसलासा."

अमरसिंह मात्र सोडणारा नव्हता. "आन् नाव कुनाचं टाकलंतं मामा? आता सांगूनच टाका की. म्हातारपनी कुनाची आठवन झाली?" त्या माणसाने हात वर केला, ते विचारायचं कारण नाही म्हणाला. गप्प बसायची मुभा होती. कृष्णातने दीक्षाकडे बघितलं; तिची रेघ थांबली होती. गप्प बसलं तर अमरसिंह स्वतःच एक नाव शोधून काढील, आणि ते बरोबरच काढील, आणि मग ते त्याच्या तोंडचं होईल. "मॅडमचं," कृष्णात म्हणाला. "दीक्षा, शहाण्णव." मग त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "त्येच्या आदी धोंडुबाई हुतं, सुईन. त्येच्या आदी तानाबाई. समद्यात आदी पिराजी मिस्त्री. ज्येनी ज्येनी मला हुबं क्येलं त्येंचं नाव मी टाकतो. तीन म्हैनं येकाचं. मॅडमनी मला कंप्युटर शिकीवला. पयलं आठ म्हैनं मी त्यांच्या डब्यातलं खाल्लं न्हाई. कशापायी खाल्लं न्हाई त्ये हितं समद्यास्नी कळतंय, मला सांगाय लावू नगा. तरी त्यांनी शिकीवलं. रोज. म्हनून टाकलं. तोंडानं म्हनाय जमलं न्हाई, म्हनून टाकलं." एवढं तो आयुष्यात सलग कधी बोलला नव्हता. बोलून झाल्यावर बसावं की उभं राहावं ते त्याला सुचेना, तेव्हा तो तसाच खुर्चीच्या पाठीला धरून राहिला.

अमरसिंह टेबलाकडे बघत होता. दीक्षाने पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. तिचे डोळे भरले होते का ते त्याला दिसलं नाही, कारण त्याचेच भरले होते. शेवटी बाळासोंनी चष्मा उचलून डोळ्यांना लावला आणि घसा खाकरला. "चौतीस वर्सं कामाला हायस," ते म्हणाले. "माझं नाव कधी टाकलं न्हाईस त्ये?" कृष्णात गडबडला. "तुमचा नंबर दिवाळीनंतर हुता," तो म्हणाला, आणि तेव्हा कुठे खोली हसली, बाळासो सगळ्यांत मोठ्याने. हसून झाल्यावर त्यांनी निकाल दिला, आणि तो काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. अहवाल जसाच्या तसा जर्मनीला जाणार. चूक झाली, कुणाकडून झाली, काय दुरुस्त केलं, सगळं लिहून. कृष्णातचा पासवर्ड आत्ताच्या आत्ता रद्द. पंधरा दिवस मॅडमकडे पुन्हा शिक्षण, मॅडमनी पास केलं तर यंत्रावर बसायचं, नाही तर खाली साच्यांवर. ड्रॉइंगच्या खोलीची किल्ली मॅडमकडे, आणि तिच्या खात्याबद्दल पुन्हा कुणी माझ्या कानाला लागायचं नाही. "आन् पावण्यास्नी जेवाय घालायचं तर भायेर व्हरांड्यात घाल," ते म्हणाले. "घालूच नगंस म्हनत न्हाई मी." त्या माणसाने ते वाक्यसुद्धा लिहून घेतलं.

जर्मनी काय म्हणेल हे कुणालाच माहीत नव्हतं. पंधरा दिवसांनी आपण पास होऊ का, हेही कृष्णातला माहीत नव्हतं. बोट अजून एकच चालत होतं. पण पुन्हा दुपारच्या सुट्टीत तिच्या शेजारी बसायचं आहे, हे शिक्षा म्हणून कुणी द्यावं याचं त्याला मनातल्या मनात नवल वाटत होतं. दीक्षा उठली, आपला लॅपटॉप घेऊन त्याच्यापाशी आली, त्याला खुर्चीवर बसायला लावलं आणि लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला. "नवा टाका, मामा. आत्ताच. शिकायला तरी लागणारच," ती म्हणाली. आवाज जरा घोगरा होता. "नावं बंद. कुणाचंच नाही. माझंही नाही. आणि तोंडाने म्हणायचं नाही." मग ती वळून सगळ्यांना म्हणाली, "पासवर्ड टाकताना दुसरीकडे बघायचं असतं," आणि बाळासोंपासून अमरसिंहापर्यंत खोलीतल्या सगळ्या माणसांनी आज्ञाधारकपणे माना खिडकीकडे वळवल्या. तीही वळली. पडद्याजवळच्या माणसाने तर पाठच केली.

कृष्णातने ओठ घट्ट मिटले आणि बोट वर धरलं. नाव नाही तर काय लिहायचं? त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, सकाळपासून राखून ठेवलेली त्या माणसाची नजर, आणि 'कुणाचं, हा मुद्दा नाही' हे त्याचं वाक्य. बोट तसंच अधांतरी राहिलं. मग त्याने मान वर केली.

"पावणं," तो म्हणाला, "तुमचं नाव काय ओ?"

खिडकीकडे वळलेल्या माना एकदम परत वळल्या. दीक्षाने कपाळावर हात मारला आणि ती हसायला लागली, तोंडावर पदर धरून, थांबता थांबेना. तो माणूस वळला. क्षणभर तो नुसता बघत राहिला, आणि बोलला तेव्हा कालच्या भाषेत बोलला.

"प्रसेनजीत," तो म्हणाला. "आन् शिरोळचाच हाय ओ मामा, त्येवढं खोटं न्हवतं. पर त्ये टाकू नगासा."

"टाकत न्हाई," कृष्णात म्हणाला. "मनात ठिवतो."